शालिकरावजी आणि दिवाणातला मिशीवाला

लिहिण्याची आमच्या घरात सवय नाही, म्हणून आधी माफी मागतो. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज, आणि अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. बाबा सही करतात तेव्हा जीभ दातांत धरतात. आईचं अक्षर मी पाहिलं आहे ते फक्त डब्यांवर, खडूनं लिहिलेलं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पण प्राणिशास्त्राच्या जर्नलपलीकडे काही लिहिलेलं नाही. जर्नलमध्ये झुरळाबद्दल लिहिताना झुरळाला काय वाटेल याचा विचार करावा लागत नाही. इथे करावा लागतो आहे. म्हणून यातली नावं मी बदलली आहेत. यातली एक गोष्ट अजूनही एका घरात माहीत नाही, आणि ती माझ्यामुळे माहीत होऊ नये.

शालिकरावजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसले.

पारशिवनीजवळच्या आमच्या गावाहून शहरातल्या कॉलेजात रोज येणं-जाणं करून मी थकलो होतो. पहिल्या तासाला पोचेपर्यंत अंगातला दिवस संपलेला असायचा. तिथेच सक्करदऱ्याला एका घरी वरची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून एका दुपारी बॅग घेऊन गेलो. दार उघडंच होतं. आत पलंग होता आणि पलंगाखालून दोन तळवे बाहेर आलेले होते. मी खाकरलो.

"बोलू नको गा," पलंगाखालून आवाज आला. "चालून राहिला तो."

कोण चालून राहिला, हे विचारायची हिंमत झाली नाही. मी बॅग हातात धरून उभा राहिलो. बॅग खाली ठेवली तर आवाज होईल असं वाटलं. बऱ्याच वेळानं ते तळवे मागे सरकले आणि त्यांच्यामागून एक म्हातारे गृहस्थ निघाले. मळका बनियान, कपाळाला कोळिष्टक आणि कानांत डॉक्टरची नळी. त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"तुमच्या घरी चौकटी कायच्या आहेत?"

"सिमेंटच्या," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. आतून बाईंचा आवाज आला, "खोली दाखवा त्याले. पोट्टा उन्हातून आला आहे. चौकटीचं मंग विचारजा."

या शेवंताकाकू. त्यांचं बोलणं नेहमी आतूनच येतं आणि तोवर त्या थकलेल्या असतात.

शालिकरावजी सुतार. जन्मभर एका फर्निचरच्या कारखान्यात काम केलं. आता हात थरथरतात म्हणून रंधा बंद आहे, पण कान तयार आहे. नळी त्यांना एका कंपाउंडरनं दिली, दवाखाना बंद झाला तेव्हा. तिचं रबर एका जागी फाटलं आहे. तिथे त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून सोल्युशननं चिकटवला आहे. ती नळी ते लाकडाला लावतात. पलंग, दार, देव्हारा, पोळपाट, सलूनची खुर्ची, काहीही. लाकडाच्या आत एक किडा असतो आणि तो खात असेल तर ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं.

एका साखरपुड्यात नवरा-नवरीला बसायला ठेवलेल्या सोफ्याला त्यांनी चारचौघांत नळी लावली. नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं, "काय आयकून राहिले काकाजी?"

"पोकळ आहे," शालिकरावजी म्हणाले.

ते सोफ्याबद्दल बोलत होते. पण नवरा मुलगा तेव्हा सोफ्यावर बसला होता. काकू म्हणतात, तेव्हापासून त्या बाजूची आमंत्रणं यायची थांबली.

दुसऱ्या एका प्रसंगाला मी स्वतः हजर होतो. मागच्या गल्लीतले एक म्हातारे वारले. सगळे मान खाली घालून बसलेले. शालिकरावजींची मान इतरांपेक्षा जास्त खाली गेली, आणखी खाली गेली आणि कान खाटेच्या पायाला टेकला. घरच्यांना वाटलं, दुःखानं कोसळले. दोघांनी धरून उठवलं, पाणी पाजलं, एकानं वारा घातला. परत येताना रस्त्यात मला हळूच म्हणाले, "मानूस गेला गा. पन उजव्या पायात एक जिवंत आहे."

मला ओशाळल्यासारखं झालं. पण खोटं कशाला सांगू, घरी आल्यावर मी माझ्या टेबलाला कान लावून पाहिला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "त्याले घाई नाही." हे किड्याबद्दल असतं, पण ते कुठेही वापरतात. लाइट गेली, त्याले घाई नाही. माझा निकाल लांबला, त्याले घाई नाही. काकूंनी तीनदा जेवायला हाक मारली, तेव्हाही हेच म्हणाले. तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "पोळीले आहे."

प्राणिशास्त्र घेतलंय म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल थोडी आशा वाटू लागली. एका रविवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि किड्याचं सगळं सांगितलं. कॉलेजात इतक्या सावकाश मला कुणी काही शिकवलं नाही.

"मादी असते. तिले ओलं झाड नाही लागत. वाळलं लाकूड पाहिजे, अन् त्याले बारीक फट पाहिजे. फटीत अंडे घालते अन् चालली जाते. मंग पोट्टं आतल्या आत वाढते. पांढरं, पाय नसल्यासारखं, तोंडाकडून जाड. लाकूड खाते, मागं पीठ सोडते. अन् ते पीठ बी आतच दाबून ठेवते. बाहेर एक कन येऊ देत नाही. वरून तुमचा दरवाजा साजरा दिसते."

"किती दिवस?"

"दिवस नाही, वर्षं म्हन. दोन, पाच. लाकूड कोरडं असन तर दहा बी. त्याले घाई नाही."

"मग?"

"मंग एक दिवस लांबट भोक पाडते अन् निघते. पावसाच्या आगंमागं. तांबूस भुंगेरा, मिशा अंगापेक्षा लांब. हातात धरला तर चीं-चीं करते. बाहेर येऊन काही खाताना मी तरी पाहिला नाही. थोडेसेक दिवस राहते अन् खतम."

"म्हणजे एवढी वर्षं आत आणि..."

"हाव," ते म्हणाले आणि खिडकीच्या चौकटीकडे पाहत राहिले.

किडा लागतो तो पांढऱ्या लाकडाला. सागवानाचा मधला गाभा कडू असतो, तो त्याला पचत नाही. सालीजवळची पांढरी पट्टी मात्र गोड. म्हणून चांगला सुतार पांढरं सगळं तासून काढतो. "पांढरं ठेवलं त्यानं घर ठेवलं किड्यासाठी," असं ते दर दोन दिवसांनी म्हणत, आणि म्हणताना कुणावर तरी रागावल्यासारखे दिसत. मला वाटायचं, हल्लीच्या सुतारांवर.

मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं. काकाजींनी सांगितलेलं बहुतेक सगळं त्यात होतं, फक्त कंटाळवाणं. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं ते एक मोठं कुळच आहे. त्यात आमच्या किड्याचं नावही सापडलं. ते मी कागदावर उतरवून आणलं आणि वाचून दाखवलं. स्ट्रोमॅटियम बार्बाटम.

शालिकरावजींनी दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "त्याले माहीत आहे का हे?"

आम्हाला परीक्षेसाठी कीटकांचा संग्रह करावा लागतो. बाकीच्या मुलांकडे फुलपाखरं होती. मी काकाजींना भीत भीत विचारलं, एखादा मिळेल का. त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला. आत काडेपेट्या, ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीत कापूस आणि कापसावर एक वाळलेला भुंगेरा, मिशा मागे वळवून नीट ठेवलेला. वर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं, तो कुठून निघाला ते. 'शाळेचा बाक.' 'कुंभारेची चौकट.' 'देव्हारा, मागची बाजू.'

"मारलेला एक बी नाही," ते म्हणाले. "आपल्या मरनानं मेले ते."

दोन दिवस विचार करून त्यांनी मला 'शाळेचा बाक' दिला. मॅडमनी तोंडी परीक्षेत विचारलं, हा कुठल्या जंगलातला? मी म्हणालो, तिसऱ्या ओळीतला. त्यांना ते आवडलं नाही.

त्या खणात सगळ्यात शेवटी एक पेटी वेगळी होती. तीत नवा कापूस होता, भुंगेरा नव्हता. वर लिहिलेलं, 'दिवाण.'

"हा कुठे आहे?"

"तो यायचा आहे," काकाजी म्हणाले आणि खण लावून टाकला.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली. माझ्या खोलीच्या दारामागे एक लांब वस्तू उभी होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "खोलीत काही बी कर. याले हात लावू नको." दर रविवारी ते जिना चढून येत, दम खात, धोतर सोडत. आत सहा फुटांची सागवानी पट्टी होती. दोन्ही टोकांना खाचेत बसवायची कूस काढलेली, पॉलिश केलेली, पांढऱ्याचा एक धागा नसलेली. ते तिला तेलाचा बोळा फिरवत, नळी लावून ऐकत, मान हलवत आणि परत गुंडाळून ठेवत. मी अभ्यास करत असल्याचं दाखवत बसायचो. घरोघरी देव वेगवेगळे असतात, म्हणून मी काही विचारलं नाही.

शेवटी थोडं काकूंकडून कळलं. त्या गव्हाच्या कुरडया वाळत घालत होत्या आणि मी चाळण धरली होती. त्यांची एकुलती मुलगी वंदनाताई कळमेश्वरला दिली आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली. आंदणात दिवाण द्यायचा होता, तो काकाजींनी स्वतःच्या हातानं केला.

"पयल्या दिवाळीले आम्ही दोघंबी गेलो," काकू म्हणाल्या. "फराळ झाला, मान-पान झाला. मी अन् विहीनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येतो तं हे दिवाणाखाली. पाय बाहेर. पाहुनपन नाही, काही नाही. विहीनबाईनं विचारलं, काय शोधून राहिले भाऊजी? तं बोलायले तयार नाही. नुसते बसले, जाळं लागलेलं डोक्याले. त्या म्हनल्या, दिलेल्या वस्तूवर अजून डोळा आहे वाटते, खिळे मोजून राहिले का. पोरगी रडाले लागली. म्हने बाबा, बोला ना काहीतरी. नाही बोलले. उठले अन् सरळ बसस्टँडवर."

"मग?"

"मंग काय. तेव्हापासून हे जात नाहीत. वंदीबी रागावली. येते वर्षातून एकदा, माह्यासंग बोलते, चालली जाते. अन् मी तिच्याकडून आली का हे एकच विचारतात. पोरगी कशी आहे, नाही. दिवाण कसा आहे."

"तुम्ही काय सांगता?"

"आहे तसाच, म्हनते. दिवाण कसा राहीन?" काकूंनी कुरडईचं एक टोक सरळ केलं. "मानसाच्या छातीले कधी कान लावला नाही या मानसानं."

या उन्हाळ्यात मला कळमेश्वरला जावं लागलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं प्रकल्पासाठी पत्र हवं होतं. काकूंनी वंदनाताईंसाठी कुरडयांचा डबा दिला. मी वर चपला घालत होतो तेवढ्यात काकाजी जिना चढून आले. रविवार नव्हता. ते माझ्या खाटेवर बसले, दम घेतला आणि नळी माझ्या बॅगेवर ठेवली.

"आयकून ये," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नव्हतं. दिवाणासाठी गाभ्याच्या पट्ट्या त्यांनी वर्षभर बाजूला काढून ठेवल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यातली एक उकलली. वेळ नव्हता. कारखान्यात एक पट्टी पडून होती, तिला एका कडेला पांढरं होतं. ती कड त्यांनी आत, भिंतीच्या बाजूला वळवली आणि वरून पॉलिश मारलं. कुणाला दिसलं नाही. हळदीच्या संध्याकाळी ते थकून दिवाणाला टेकून बसले होते. बाहेर बाया गाणी म्हणत होत्या, आणि मधे एकदा गाणं थांबलं तेव्हा त्यांच्या कानाशी बारीक आवाज झाला. कर्र. थांबून परत, कर्र.

"घरात पाहुने, दारात टेम्पो," ते म्हणाले. "कोनाले सांगतो?"

आठ दिवसांत त्यांनी बदली पट्टी केली. तीच माझ्या दारामागची. पण ती घेऊन गेलो तर सगळ्यांना कारण सांगावं लागेल. आधी खात्री करावी, म्हणून दिवाळीला दिवाणाखाली गेले. किडा होता. आणि तेवढ्यात ते स्वतःच पकडले गेले.

"तेव्हा सांगायचं होतं ना काकाजी."

"काय सांगू? जन्मभर दुसऱ्याच्या पोरींचे पलंग केले, अन् आपल्या पोरीले किडकं लाकूड दिलं, हे?" त्यांनी दारामागे पाहिलं. "तिले सासरी तेवढ्यावरून बोलनं बसन. आता नऊ वर्षं झाली. कोन्या दिवशी बाहेर निघते अन् कोनाच्या समोर निघते, मले माहीत नाही. पाऊस आला का मले झोप येत नाही."

ऐकून यायचं आणि कुणाला सांगायचं नाही, या दोन्हीला मी हो म्हणालो. नाही म्हणणं मला एकूणच जमत नाही.

वंदनाताईंचं घर बसस्टँडपासून जवळच निघालं. त्या स्वयंपाकघरात होत्या. पुढच्या खोलीत सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या खाली दिवाण होता. मी डबा दिला, नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं, कारखान्याचं पत्र काढून दाखवलं. पत्राबरोबर बॅगेतून नळी बाहेर पडली.

सासूबाई नळीकडे पाहत राहिल्या. "डॉक्टरकी शिकून राहिला का बाबू?"

"नाही मावशी. बी.एस्सी."

"तेच ते. दम लागते रे मले. पाह्य बरं जरा."

मी पुन्हा सांगितलं, की मी किड्यांचं शिकतो. त्या म्हणाल्या, आपल्यात काय कमी किडे असतात, आणि दिवाणावर पालथ्या झोपल्या. आता काय करावं ते मला समजेना. मी नळी कानांत घातली आणि त्यांच्या पाठीवर ठेवली. माणसाचं हृदय मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जर्नलमध्ये त्याची आकृती मी चार वेळा काढली आहे, पण ते इतकं घाईत असतं हे माहीत नव्हतं. मग हात हळूच खाली नेऊन नळी दिवाणाच्या मागच्या पट्टीला लावली. तिथेही धडधडच ऐकू आली, बहुधा माझी.

"काय म्हनते?" सासूबाईंनी उशीत तोंड घालून विचारलं.

"शांत आहे," मी म्हणालो.

त्या समाधानानं उठल्या. शेजारच्या बाईचे गुडघे दुखतात, तिलाही घेऊन येते, असं सांगून मी काही बोलायच्या आत बाहेर गेल्या.

वंदनाताई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी कप ठेवला, माझ्या हातातली नळी घेतली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"हा जोड बाबाच्या हातचा आहे," त्या म्हणाल्या. "तुमाले त्यायनं पाठवलं."

मी गप्प राहायचं कबूल करून आलो होतो. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि गुडघेवाल्या बाई यायच्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. उकललेली पट्टी, पांढरी कड, हळदीची संध्याकाळ, दारामागची बदली पट्टी, दर रविवारचा तेलाचा बोळा. सांगताना चहावर साय आली.

वंदनाताई आत गेल्या आणि शिलाई मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काडेपेटी होती.

"उघडा."

आत कापूस होता. कापसावर एक तांबूस भुंगेरा, मिशा मागे वळवून नीट ठेवलेला.

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षी निघाला," त्या म्हणाल्या. "दुपारची वेळ. सासूबाई देवळात गेल्या होत्या. दिवाणाखाली पीठ सांडलेलं दिसलं, अन् हा पायाजवळ बसला होता. पाहताबरोबर ओळखला मी. लहानपनी बाबा मले असे हातावर द्यायचे, म्हनायचे याच्या मिशा मोज. दोनच असतात, पन मी मोजत बसायची." त्यांनी दिवाण भिंतीपासून थोडा ओढला. "पीठ झाडून काढलं. मेनात काथ कालवून भोक भरलं. आमच्या यायले बी नाही सांगितलं, सासूबाईले बी नाही."

मागच्या पट्टीवर नखाएवढा एक लांबट डाग होता. बाकीच्या लाकडापेक्षा किंचित गडद.

"तुम्ही काकाजींना का नाही सांगितलं?"

"भोक पाहिलं तेव्हाच समजलं मले, दिवाळीले ते खाली काहून गेले होते." त्या डागाकडेच पाहत होत्या. "पयले वाटलं, फोन करावा. मंग वाटलं, मले समजलं हे त्यायले समजलं तर जेवनार नाहीत. मंग रागही आला. किड्याले आयकाले येतात, मी रडली ते आयकू आलं नाही का? म्हनलं, येतीन एक दिवस. आले तर पाहतीनच. म्हनून रंग बरोबर नाही जमवला मी. सुताराले दिसावा म्हनून तसाच ठेवला."

बाहेर चपलांचा आवाज आला. त्यांनी दिवाण परत भिंतीला लावला, काडेपेटी माझ्या खिशात घातली आणि चेहरा पदरानं पुसून घेतला.

"त्यायले सांगा, निघाला म्हना. कधीचाच निघाला. अन् ते पट्टी घेऊन या म्हना." मग जरा थांबून म्हणाल्या, "सासूबाईले मी सांगते, एक पट्टी ढिली झाली आहे. ढिली होऊ शकते ना नऊ वर्षांत?"

"होऊ शकते," मी म्हणालो.

गुडघे ऐकून मी परत निघालो. ते कारखान्याचं पत्र मी त्यांच्याकडेच विसरलो, ते पुढे पोस्टानं आलं. बसमध्ये जागा मिळाली नाही. सगळा रस्ता एक हात वरच्या दांड्याला आणि एक हात खिशावर ठेवून उभा होतो. मिशा मोडतील अशी भीती वाटत होती. सहा वर्षं काडेपेटीत नीट राहिलेला किडा माझ्या हातून मोडला, असं व्हायला नको होतं.

सक्करदऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. शालिकरावजी दारातच पाटावर बसले होते. पाटाला नळी लावायला नळी नव्हती, म्हणून नुसते बसले होते. आतून भाजीला फोडणी दिल्याचा वास येत होता.

"आयकला?" त्यांनी विचारलं.

मी काडेपेटी त्यांच्या हातावर ठेवली. सांगायचं होतं ते रस्ताभर मनात जुळवलं होतं, पण आठवलं तेवढंच सांगितलं. तिसऱ्या वर्षी निघाला. ताईंनी कुणाला सांगितलं नाही. मेणात काथ कालवून भरलं. डाग मुद्दाम तसाच ठेवला आहे, तुम्हाला दिसावा म्हणून. पट्टी घेऊन या म्हणाल्या.

त्यांनी पेटी उघडली. कापूस बोटानं जरा दाबून पाहिला.

"काय म्हनते कळमेश्वर?" काकूंनी आतून विचारलं.

"निघाला वं," शालिकरावजी म्हणाले.

"कोन?"

शालिकरावजींनी पेटी बंद केली, खिशातून जाड पेन्सिल काढली, वर काहीतरी लिहायला घेतलं आणि न लिहिताच परत ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"का गा," ते म्हणाले, "एवढी लांब पट्टी बसमधी घेऊ देते का कंडक्टर?"